जावळाची लोकर

टँकरचा पाइप बनुबाईच्या पिंपातून अलगद उचलून आप्पासोनं आपल्या घागरीत सोडला आणि वर तिलाच विचारलं, "बनाक्का, पिंप गळतंय का वं तुमचं? भरंना कसं मगाधरनं?"

बनुबाई खरंच वाकून पिंपाचं बूड चाचपायला लागली. रांगेतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. तिच्या ध्यानात आलं तेव्हा आप्पासोची घागर गळ्यापर्यंत आली होती.

"मुडदा बशिवला तुझा! पन्नाशी उलटली तरी माकडचाळं जाईनात!"

"जातील कसं, अक्का? तुमीच हसताय की."

आप्पासोच्या माकडचाळ्यांची यादी सगळ्या वस्तीला पाठ होती. एकदा त्यानं शेजारच्याचा पांढरा मेंढा निळीच्या पाण्यात बुचकळून काढला होता. मालक तीन दिवस जत तालुका पालथा घालत फिरला आणि मेंढा तेवढे दिवस त्याच्याच दारात बांधलेला होता. पण गेलं वर्ष-सव्वा वर्ष एका घरापुढं आप्पासोच्या जिभेला लगाम बसायचा. ते घर नानासोचं. लहानपणी दोघांनी एकाच कळपामागं पायताणं झिजवली होती.

नानासोनं आत्ताही पहिली बादली भरली ती सरळ आत नेली. मागून कुणीतरी म्हणालंच, "मान्सास्नी नवव्या दिशी पानी, आन् ह्येच्या माशास्नी पयली बादली."

"मासं हायती का तरी आत?" दुसऱ्यानं विचारलं. "पेटीत शेवाळाबिगार काय दिसत न्हाई."

नानासो दारात थबकला. कट्ट्यावर पाय पसरून बसलेली त्याची बायको रंगुबाई त्याच्याकडं बघत होती.

आप्पासोला वाटलं, आता काहीतरी बोलून हे उडवून लावावं. म्हणून तो बोलला. "नाना, लेका पुस की ती पेटी. का माशास्नी बी गोषात ठेवलंयस?"

"ती काच न्हाई," नानासो म्हणाला. "आक्रेलिक हाय. कनभर वाळू घासली तरी चरा पडतो. बिरदेवनं सांगितलंय, कोनी हात लावायचा न्हाई. त्यो आल्यावर त्योच पुसंल."

बिरदेवचं नाव निघालं तशी रांग गप झाली.

बिरदेव हा नानासोचा एकुलता एक. पुण्याला मोठमोठ्या हॉटेलांतल्या माशांच्या पेट्या साफ करायच्या कामाला होता. एका हॉटेलनं काढून टाकलेली चार फुटी पेटी त्यानं दोन दिवाळ्यांमागं टेम्पोत घालून आणली, लोखंडी स्टँडवर ठेवली, सात नारंगी मासे सोडले आणि आईला म्हणाला, तुला दिवसभर बघायला हे. मग परत गेला. सोळा महिन्यांमागं त्याचा फोन बंद झाला. खोली रिकामी, कामावर पत्ता नाही. ठाण्यात फोटो देऊन झाला, देवऋषी करून झाला. शेवटच्या फोनवर आईनं विचारलं होतं, कवा येतूस? तो हसून म्हणाला होता, "मासं हायती न्हवं? ती हायती तवर मी हाय समज." त्यानं गमतीनं म्हटलं असेल. रंगुबाईनं ते गाठीला बांधलं. गुडघे धरले होते, उठणं-बसणं अवघड झालं होतं, दिवसभर बाजेवरून ती पेटीकडं बघायची. सातही माशांना तिनं मेंढ्यांची नावं दिली होती.

गप्प झालेली रांग आप्पासोला सोसवली नाही. त्यानं मिशीला पीळ दिला. ती मिशी म्हणजे त्याची इस्टेट होती, दोन्ही गालांवर मेंढ्याच्या शिंगासारखी वळलेली.

"मी पुसतो. जावळाच्या लोकरीनं. कोकराची पयली कातरनी, गालाला लावली तरी लागत न्हाई. एक चरा जरी पडला तर भर बाजारात अर्धी मिशी काडीन. अर्धीच! आन् तशीच फेरी मारीन."

"अर्धीच का वं?" बनुबाई म्हणाली.

"पुरी काडली तर मानूस शाना दिसतो, अक्का."

हशा पिकला. आणि त्या हशात कट्ट्यावरून आवाज आला.

"लावा पैज, भावजी."

सगळ्या माना वळल्या. रंगुबाई चारचौघांत बोलल्याला किती महिने झाले होते कुणास ठाऊक.

"चरा पडला तर तुमची अर्धी मिशी. न्हाई पडला तर..." तिनं नवऱ्याकडं बोट केलं, "ह्यांनी माजं लुगडं नेसून बाजारातनं फिरायचं."

गल्ली फुटली. बनुबाईनं तर बसकणच मारली. आप्पासो इतका हरखला की भरलेली घागर त्याच्या हातून कलंडली तरी त्याला कळलं नाही. वैनी बोलली. वैनीनं चेष्टा केली!

हसला नाही तो फक्त नानासो. रिकामी बादली धरून तो दारातच उभा होता.

आप्पासोनं मनात म्हटलं, लुगड्याला भ्यालंय बेनं.

*

चार दिवस आप्पासोनं दुसरं काही केलं नाही. कोकराची लोकर निवडली, एकेक कुसळ वेचून काढलं, हाताच्या फणीनं पुन्हा पुन्हा पिंजली. आपल्या वाट्याच्या पाण्यातल्या दोन बादल्या तिच्यावर घातल्या. बायको म्हणाली, आता काय प्यायचं, मिशी? लोकर वाळल्यावर त्यानं ती आधी स्वतःच्या गालावर घासली, मग बायकोच्या चष्म्यावर. चष्मा जसाच्या तसा राहिला तेव्हा तो उजेडाकडं धरून पाच मिनिटं बघत बसला.

बिरदेव पेटी पुसायचा ते आप्पासोनं पाहिलं होतं. अंगठी काढायची, नखं कापायची, साबण लावायचा नाही. हात दाबायचा नाही. गोल गोल फिरवायचा नाही, वरून खाली सरळ आणायचा, आणि तळाची वाळू बोटभर लांब असतानाच थांबायचं. एक कण कापडाखाली गेला की संपलं. "काका, काच माफ करती, ही करत न्हाई," असं पोरगं म्हणायचं.

रविवारी सकाळी सगळी गल्ली नानासोच्या कट्ट्यावर जमली. आप्पासोनं आपली घोंगडी आणून पेटीच्या तोंडावर पडद्यासारखी टांगली.

"खेळ सुरू व्हायच्या आदी कोनी आत यायचं न्हाई! वैनी, तुमी पंच. भाइर बसायचं. हाक मारली की यायचं आन् एक चरा तरी हाय का दावायचं."

रंगुबाई भिंतीला धरून बाहेर गेली. आत राहिले दोघंच. नानासोला मदतीला ठेवलं होतं.

पेटी खिडकीला लागून होती. आधी ती पलीकडच्या अंधाऱ्या भिंतीला असायची हे आप्पासोला आठवलं. उन्हात शेवाळ जास्त धरतं एवढं या येड्याला कळू नये?

"आप्पा," नानासो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. मी नेसतो लुगडं. पुसल्यालीच हाय म्हनून सांग."

"वा रं वा! आन् माजी लोकर?"

घोंगडीच्या आत शिरून, स्टुलावर चढून आप्पासोनं वरचं झाकण उचललं. खांद्यापर्यंत हात बुडवला. पाणी कोमट होतं. समोरच्या अंगाला त्यानं लोकर टेकवली आणि श्वास धरून ती वरून खाली आणली. शेवाळ सायीसारखं सुटलं. स्टुलावरून उतरून त्यानं बघितलं. हातभर पट्टा असा निर्मळ निघाला होता की पुढं काही आहे असं वाटू नये. एक रेघ नाही.

"नाना! बघ, बघ लेका! बिरदेव आसता तर..."

तो बोलायचा थांबला. त्या पट्ट्यातून आतलं सगळं दिसत होतं. वाळू, दोन गोटे, प्लॅस्टिकचं झाड. पंपाच्या नळीतून बुडबुडे वर जात होते. आप्पासोनं डोकं डावीकडं नेलं, उजवीकडं नेलं, खाली वाकला. फुगून पांढरे झालेले खाण्याचे दाणे तळाला थराथरानं साचले होते.

तो वळला. नानासो बाजेच्या कडेवर बसला होता आणि जमिनीकडं बघत होता.

"कवापासनं?" आप्पासोनं हळू विचारलं.

"सक्रातीच्या आदी." नानासो म्हणाला. "टँकर नऊ दिवस आला न्हवता. पेटीतलं पानी निम्म्यावर आलं हुतं. बिरदेव म्हनायचा, टँकरचं पानी दोन दिस उगडं ठेवायचं, त्यात पावडर आसती. मी घाई केली. तसंच वतलं. सकाळी सातीच्या साती वर. उताणी." त्यानं तळहात उलटा करून दाखवला. "ती झोपली हुती. तिचा डोळा उगडायच्या आदी परसात चिंचंखाली पुरली."

"मग पेटी..."

"उन्हात सारली. हिरवी हुयास्तवर दोन आटवडं घोंगडी टाकून ठेवली, म्हनलं, थंडी वाजती त्यास्नी."

आप्पासोला हसू आलं असतं. असली युक्ती त्यालाही सुचली नसती.

"आरं, सांगलीस्नं दुसरी आनू. आत्ता फटफटी काडतो."

"आनली हुती दोन. तिसऱ्या दिशी मेली. आन् ती वळकती, आप्पा. एकीची शेपटी चिरल्याली. एकाच्या डोळ्याम्होरं काळा ठिपका." नानासोनं पहिल्यांदा मान वर केली. "ती हायती तवर त्यो हाय. तिला काय सांगू मी? मीच मारली म्हनून?"

बाहेरून हाक आली. रंगुबाईची.

"भावजी, दिसाय लागली का वं? किती दिसत्यात?"

आप्पासोच्या कोपरावरून पाणी ठिबकत होतं.

"पळत्यात की वैनी!" तो ओरडला. "मोजू तर द्या! तुमची ती चिरल्या शेपटीवाली लय नाटकी हाय!"

बाहेर हसण्याची लाट उठली. आप्पासो घोंगडीआड तसाच उभा राहिला. समोर तो स्वच्छ पट्टा. अजून तीन हात पुसलं की जन्मातली सगळ्यात चोख पैज त्यानं जिंकली असती. त्यानं हातातली लोकर पिळली. चार दिवसांची मेहनत मुठीत मावत होती, आणि खरोखरच इतकी मऊ होती की मूठ रिकामी आहे असं वाटावं.

मग तो पुन्हा स्टुलावर चढला. हात बुडवला, पार तळापर्यंत. लोकरीनं वाळू खरवडून उचलली. मूठभर. आणि समोरच्या अंगावर दाबून, सगळी ताकद लावून, गोल गोल घासायला सुरुवात केली.

करकर आवाज झाला. नानासो उठून उभा राहिला. आप्पासो घासत राहिला. स्वच्छ पट्टा धुरकटला, मग दुधाळ झाला, मग मोतीबिंदू पिकलेल्या डोळ्यासारखा पांढरा. बोटांची सालं निघाली तरी तो थांबला नाही. समोरचं अंग झालं, कडेची दोन झाली. नखाएवढी जागा सोडली नाही त्यानं. शेवटी झाकण लावून तो खाली उतरला तेव्हा त्याला दम लागला होता.

"बिरदेव आला तर काय म्हनंल रं?" नानासो पुटपुटला.

आप्पासोनं घोंगडी ओढली आणि दाराकडं तोंड करून ओरडला, "या! बघा माजी कारागिरी!"

गल्ली आत घुसली आणि तशीच थांबली.

"आगं आई गं," बनुबाई म्हणाली. "आप्पा, आरं काय केलंस ह्ये? वाटोळं केलंस की रं!"

"लोकरीत वाळू घावली वाटतं, अक्का," आप्पासो म्हणाला. "मला वाटलं, निगालं शेवाळ. डोळं फुटलं माजं."

पुढं जे बोलायचं ते लोक बोलले. लेकराची एकच तर आठवण होती, तिची माती केली. चेष्टेला काळवेळ नाही. कुणीतरी आप्पासोला खांद्याला धरून मागं सारलं. तो सरकला.

रंगुबाई पेटीजवळ आली. पांढऱ्या अंगावर तिनं तळहात ठेवला आणि आतून पडलेल्या रेघांवरून बोटं फिरवली, खालपासून वरपर्यंत. आत काहीतरी हलत होतं, बुडबुड्यांचं. मग तिनं वळून आप्पासोकडं बघितलं.

"हरला तुमी," ती म्हणाली.

*

बाजाराच्या दिवशी अमृतनं आपल्या सलूनची खुर्ची उचलून रस्त्यावर ठेवली. लोकांचाच आग्रह होता. मिरचीवाल्यांनी दुकानं टाकून गर्दी केली. पोरं हातगाड्यांवर चढली. आप्पासोनं सगळ्यांना रामराम घातला, "मागच्यास्नी दिसतंय का?" म्हणून विचारलं आणि लाल टॉवेल गळ्याला लावून घेतला. लोक हसत होते, पण त्या हसण्यात पूर्वीची माया नव्हती. आठवड्यात त्याच्या दारात कुणी चहाला आलं नव्हतं.

जिंकणाऱ्यानं आरसा धरायचा, अशी तिकडची रीत. रंगुबाई आली होती. जीपमधनं उतरून, नानासोच्या खांद्याला धरून, सोळा महिन्यांत पहिल्यांदा बाजारात. तिला स्टूल दिलं. खुर्चीपुढं बसून तिनं दोन्ही हातांनी आरसा उचलला, तेव्हा आप्पासोला फक्त स्वतःचं फेस लावलेलं तोंड दिसू लागलं. तिचं तोंड आरशामागं गेलं.

अमृतनं वस्तरा परजला. "कंची बाजू, रंगुमावशी?"

"डावी."

पातं ओठावर टेकलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. त्या गलक्यात आरशामागनं आवाज आला, फक्त आप्पासोला ऐकू जाईल एवढा.

"कुत्र्यानं उकरलं हुतं, भावजी. चिंचंखाली. सक्रातीच्या दुसऱ्या दिशी. हे मेंढरांकडं गेल्यालं. मीच माती लोटली परत."

आप्पासोची मान हलली.

"हलू नगा आप्पा, कापंल," अमृत म्हणाला.

"चार म्हैनं बघती. रोज स्टुलावर चढत्यात. खानं टाकत्यात. मला सांगत्यात, आज लय भुकी हुती त्यास्नी. मी म्हंती, व्हय का. त्यांच्या तोंडानं निगंना, माज्या तोंडानं निगंना. म्हनलं, परक्याच्या हातानं उगडं पडलं तर बोलावंच लागंल. एकदा दोगांनी मिळून रडायचं हुतं, बिरदेवच्या नावानं. तेवडंच."

वस्तरा ओठावरून सरकला. मिशीचं डावं शिंग टॉवेलवर पडलं आणि बाजारानं आरोळी ठोकली.

"मला वाटलं हुतं, तुमी जिकाल," रंगुबाई म्हणाली आणि आरसा खाली घेतला.

आप्पासोला तिचं तोंड दिसलं. डोळे कोरडे होते.

गर्दीच्या पुढच्या रांगेत नानासो हसत होता. पहिल्यांदा बारीक, मग पोट धरून, मग मांडीवर थापा मारत. "बगा, बगा, कसं दिसतंय बेनं!" डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. आप्पासोनं त्याला असं हसताना पाहून सोळा महिने झाले होते. रंगुबाईही त्याच्याकडं बघत होती. तिनं पदरानं आरशावरचे फेसाचे थेंब पुसले आणि तो अमृतच्या हातात दिला.

"फेरी! फेरी!" पोरं ओरडली.

आप्पासो उठला. उघड्या पडलेल्या ओठाला वारा झोंबत होता. तो भांड्यांच्या रांगेतून निघाला, मागं पोरांची वरात. बायका तोंड फिरवून हसत होत्या. एक म्हातारा म्हणाला, "बरी अद्दल घडली." आप्पासोनं त्यालाही हात जोडले.

पुढं, पक्ष्यांच्या पिंजऱ्यांचं आणि माशांच्या खाण्याचं जे एकच दुकान होतं, तिथं नानासो डोळे पुसत उभा होता. शेजारी रंगुबाई.

"आलोच हाय बाजारात, तर माशांचं खानं घिऊन जाऊ," नानासो म्हणत होता. "संपत आलंय."

आप्पासोची चाल मंदावली. मागच्या पोरानं त्याला ढकललं.

रंगुबाईनं खांद्यावरची पिशवी काढली आणि तिचं तोंड उघडून नवऱ्यापुढं धरली.

"मोटी डबी घ्या," ती म्हणाली. "बारकी लौकर सरती."